बाबांच्या वेड्या कात्र्या

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला महिना लावला, तेव्हा आधी कान पकडतो. फोन करावा तर कारखान्यात धार लावायच्या चाकापुढे काही ऐकू येत नाही, आणि मी घरी पोचतो तेव्हा तू तुझ्या शिलाईच्या हॉलमध्ये असतेस. शिवाय आजचं काम कागदावरचंच आहे.

कारखान्याची गत तुला ठाऊक आहे. बाबांच्या वेळी अकरा माणसं होती. आता सहा आहेत आणि सहांना पुरेल एवढंही काम नाही. बोटीने येणारी परदेशी कात्री आपल्या निम्म्या किमतीत दुकानादुकानात टांगलेली असते. धारवाले तात्या, जे लहानपणी तुला ठिणग्या दाखवायला उचलून घ्यायचे, ते सकाळी येतात, चाक पुसतात आणि बसून राहतात. त्यांना असं बसलेलं बघणं माझ्याच्याने होत नाही. हे वर्ष असंच गेलं तर मी कारखान्याला कुलूप लावणार आहे. हे अजून हिलासुद्धा सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय.

आता चांगली बातमी. आमच्या कात्री-चाकूवाल्यांच्या संघाने मला चिटणीस केलंय. हसू नकोस. परदेशी कात्रीवर तिच्या निम्म्या किमतीएवढा आयात कर बसवावा असा अर्ज आम्ही सरकारकडे करतोय आणि मसुदा माझा आहे. अध्यक्षांचं म्हणणं असं की कात्री वापरणाऱ्या एखाद्या कपड्याच्या कारखान्याचं पत्र जोडलं तर अर्जाला वजन येईल. माझ्या ओळखीत अशी कारखानदारीण एकच आहे आणि ती माझी बहीण आहे. तुझ्या वतीने पत्र मीच लिहून सोबत जोडलंय. परदेशी कात्री कुचकामी असते, देशी कात्रीवर तुमचं काम उत्तम भागतं आणि कराचा बोजा परदेशी कारखानदारावर पडेल, एवढी तीनच वाक्यं आहेत. तू फक्त खाली सही कर.

भावोजींना नमस्कार, भाचीला मामाचा पापा. माया आहे तेवढी राहू दे आणि सही उलट टपाली येऊ दे.

तुझा,
छोटू

ता. १३ जानेवारी

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

चिटणीससाहेब, अभिनंदन. शाळेत ज्याचे निबंध मी लिहून द्यायची तो आता माझ्या नावाने पत्रं लिहायला लागला, ही प्रगतीच म्हणायची. पण सही अजून केलेली नाही. लगेच भडकू नकोस. एकदा प्रश्न डोक्यात शिरला की मला जेवण गोड लागत नाही, हे तुला काय नवीन सांगायचं.

तुझं पत्र घेऊन मी कटिंगच्या टेबलाशी गेले. आमच्याकडे नऊ कटर आहेत आणि आमच्या धंद्यात कात्री ज्याची त्याची असते. कारखाना मशीन देतो, दोरा देतो, पण कात्री कटर स्वतःच्या पगारातून घेतो आणि दुसऱ्याच्या कात्रीला कुणी हात लावत नाही. मी विचारलं, कुणाची कुठली. सहा परदेशी निघाल्या, तीन आपल्याकडच्या. परदेशी कुचकामी आहे का म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. झकास कापते म्हणाले, वर्षभराने बोथट झाली की टाकून देतो. निम्म्याने महागली तर काय कराल, असं विचारल्यावर कटिंग मास्तर म्हणाले की यंदा मुलीला बूट घ्यायचे होते ते पुढच्या वर्षी घेऊ. आता सांग, ते बूट शिवणारासुद्धा कुणाचा तरी छोटूच असेल ना? त्याचा अर्ज कोण लिहिणार?

मग तुझं तिसरं वाक्य. बोजा परदेशी कारखानदारावर पडेल हे तू कुठून काढलंस? मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. शर्टांचे कागद द्यायला बंदरावर गेले तेव्हा कराच्या खिडकीशी पाऊण तास रांगेत उभी राहिले आणि आतल्या कारकुनाला विचारलं की इथे कर भरायला परदेशी माणसं येतात का. त्याने चष्मा काढून मला नीट न्याहाळलं. म्हणाला की एकवीस वर्षं याच खुर्चीत बसलोय, पण पैसे मोजणारा प्रत्येक हात आपल्याच माणसाचा पाहिला. व्यापारी भरतो, दुकानदाराकडून वसूल करतो आणि दुकानदार गिऱ्हाइकाकडून. म्हणजे फिरून फिरून ते आमच्या मास्तरांपाशीच आलं.

तुझं पोलाद हल्ली कुठून येतं? बाबांच्या वेळी बोटीने यायचं, एवढं मला आठवतं. अर्जात त्याचा उल्लेख दिसला नाही म्हणून विचारलं.

आणखी एक कोडं. नवांपैकी तिघं डावखुरे आहेत. कात्री देशी असो की परदेशी, त्यांच्या अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली असते. असं का होतं, हे तू कात्रीवाला म्हणून सांग. सोबत मास्तरांची टाकून दिलेली परदेशी कात्री फडक्यात गुंडाळून पाठवतेय. शत्रू एकदा डोळ्यांनी बघून घे.

तात्यांचं तेवढं मात्र मी दोनदा वाचलं. उत्तर ठाऊक नसताना नुसते प्रश्न विचारत सुटलेय याची मला लाज वाटते. तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. रागाला टपाल खर्च फार पडतो, तेव्हा तो तिथेच ठेव आणि बाकी सगळं लिही.

तुझी,
ताई

ता. २४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग पाठवायचा नाही म्हणालीस, पण थोडा पाठवतोच. तुझे शर्ट परदेशात विकले जातात, म्हणून तुला सगळे दरवाजे सताड उघडे हवेत. माझ्या दारातून मात्र फक्त आत येणाऱ्यांची रीघ लागलीय. कर आपलीच माणसं भरणार असतील तर भरू देत, तो पैसा आपल्याच कारागिरांच्या घरी जाईल. परक्याच्या पोटात जाण्यापेक्षा ते काय वाईट? आणि नाहीतर आम्ही करायचं काय? भट्टी विझवून काजं-बटणं करत बसायचं? तू विचारतेस छान, पण सहा घरं माझ्याकडे बघतायत, तुझ्याकडे नाही.

पोलाद बोटीनेच येतं. झालं समाधान?

बरं, ती कात्री. फडकं सोडायचं नाही असं ठरवलं होतं, पण दुसऱ्या दिवशी सोडलंच आणि तिसऱ्या दिवशी सगळी सुटी करून पाहिली. खोटं कशाला बोलू, काम स्वच्छ आहे. आपण पाती जोडायला खिळा ठोकतो, त्यांनी स्क्रू बसवलाय, म्हणजे सैल झाली की घरच्या घरी आवळता येते. हे आपल्याला इतक्या वर्षांत सुचलं नाही. पात्याचं पोलाद पातळ आहे, पण तात्यांनी धार लावून दिली तर नव्यापेक्षा सरस चालायला लागली. तात्या दोन दिवस तिच्याच मागे होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना शिट्टी वाजवताना ऐकलं.

डावखुऱ्यांचं उत्तर सोपं आहे. उजव्या हातात कात्री मिटताना अंगठा आपोआप पात्यावर पातं दाबतो. डाव्या हातात तोच जोर पाती एकमेकांपासून फाकवतो आणि कापड मध्ये दुमडतं. मग अंगठा उलटा रेटावा लागतो आणि सोलवटतो. शिवाय वरचं पातं खडूची रेघ झाकून टाकतं, म्हणजे बिचारे अंदाजाने कापतात.

हे लिहिता लिहिता बाकाखालची पेटी आठवली. बाबांच्या वेड्या कात्र्या! कुणाच्याच हातात न चालणाऱ्या त्या पहिल्या डझनावरून आपण बाबांची किती टर उडवायचो. एक काढून डाव्या हातात धरली आणि फडक्यावर चालवली, तर सर्रकन कापत गेली. चाळीस वर्षं आपण चुकीच्या हाताने हसत होतो. तात्यांनी धार लावून दिलीय, ती गंमत म्हणून तुझ्या डावखुऱ्यांना पाठवतो.

सहीचं बघ ताई. फेब्रुवारीच्या मध्याला अर्ज जाणार आहे. भांडलो तरी मी तुझाच, हे ध्यानात असू दे.

छोटू

ता. २ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल दुपारी आलं आणि त्यानंतर दिवसभर कुणीच धड काम केलं नाही. आमच्या डावखुऱ्यांतल्या सगळ्यांत जुन्या कटर, ज्यांना हॉलमध्ये सगळे मावशी म्हणतात, त्यांनी ती कात्री हातात घेतली, उघडली, मिटली आणि मग कापडाचे बारा थर एका दमात कापले. रेघेला धरून. मग अंगठ्याची चिंधी सोडून बघत बसल्या. म्हणाल्या की बत्तीस वर्षं त्यांना वाटायचं, आपला हातच वाकडा आहे.

मग मीही घेतली. तू लहान होतास, तुला माहीत नसेल, पण मी डावखुरीच होते. शाळेतल्या बाईंनी पट्टी मारून मारून उजवा हात करवला. आज इतक्या वर्षांनी डाव्या हाताने कापड कापलं आणि का कोण जाणे, डोळे भरून आले. मास्तरांनी बघितलं, मी धूळ गेली म्हणून सांगितलं.

आता त्या डझनाची खरी गोष्ट ऐक, कारण ती माझ्यादेखत घडलीय. तू तेव्हा रांगत होतास. बाबा कुलपं दुरुस्त करायचे आणि आईची शिवणाची एक सुरेख परदेशी कात्री होती. बाबांना वाटलं, अशी आपण का बनवू नये. त्यांनी त्या कात्रीवर तेलकट कागद ठेवून ती हुबेहूब गिरवली, कुठलं पातं वर आणि कुठलं खाली तेसुद्धा, आणि कागद भिंतीवर चिकटवला. चिकटवला तो पाठमोरा. तेलकट कागदात रेघा दोन्हीकडून दिसतात, मग कळणार कसं? आणि बाबांची पद्धत तुला ठाऊक आहे, आधी सगळी पाती घडवायची आणि जोडायचं काम शेवटच्या दिवशी. चोवीस पाती तयार झाल्यावर कळलं. आई हसत हसत खाली बसली होती.

आज दुपारपासून एक विचार डोक्यातून जात नाही. आपल्या घरची कात्री, जिच्यासाठी तू हा अर्ज लिहितोयस, ती मुळात बोटीने आलेल्या कात्रीवरून घेतली. तेव्हा असा कर असता तर आईला ती परवडली नसती आणि बाबा जन्मभर कुलपं उघडत बसले असते. तू आत्ता त्यांचा स्क्रू बघितलास, तसंच ना ते?

सही मी करणार नाही. परदेशी कात्री कुचकामी नाही, हे तूच तुझ्या पत्रात लिहिलंयस. परक्याच्या पोटाचंही तू म्हणालास खरं, पण तो परका त्याच पैशांतून माझे शर्ट घेतो. तू काय करावंस हे मात्र मला सांगता येत नाही. कदाचित ते बाबांच्या त्या पेटीत असेल, कदाचित नसेल. सध्या मला अशा तीन कात्र्या करून दे. मावशी आणि बाकीचे दोघं पूर्ण किंमत द्यायला तयार आहेत, परदेशीच्या दुप्पट पडली तरी. त्यांना अशी कात्री दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच खोट्यावर सही होत नाही. एवढं समजून घे आणि बहिणीला वाळीत टाकू नकोस.

ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अर्ज तुझ्या सहीशिवाय गेला. चिटणिसाची सख्खी बहीणच पत्र देत नाही म्हटल्यावर संघात मला मान वर करता येईना. अध्यक्षांचा चाकूंचा मोठा कारखाना आहे, त्यांनी कुठून तरी दुसरं पत्र मिळवलं.

तीन कात्र्या या आठवड्यात निघतील. सगळे साचे उलटे करावे लागले. तात्या चाळीस वर्षं चाकाच्या ज्या बाजूला बसले ती सोडून त्यांना पलीकडे बसावं लागलं. दोन दिवस पुटपुटत होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले की इकडे उजेड बरा येतो. खिळ्याऐवजी स्क्रू घातलाय. तुला काय वाटेल ते वाट.

तूर्त एवढंच. रुसलोय, पण पत्ता विसरलेलो नाही.

छोटू

ता. २८ मार्च

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

बसून वाच. माझे शर्ट घेणारा परदेशी व्यापारी परवा माल बघायला आला होता. कटिंगच्या टेबलाशी मावशींना बघून तिथेच थबकला. कात्री मागून घेतली, उलटसुलट केली आणि कुणाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, भावाची. त्याच्या ओळखीच्या कारखान्यांतही डावखुरे ढिगाने आहेत, आणि तिकडचे कात्रीवाले लाखांनी माल काढतात, त्यामुळे थोडक्या लोकांसाठी साचे बदलणं त्यांना परवडत नाही म्हणाला. तुझ्या भावाला बदलायला किती दिवस लागले, असं त्याने विचारलं. मी तीन सांगितले. तर त्याला तीनशे कात्र्या हव्या आहेत, आणि चालल्या तर दर तिमाहीला तेवढ्याच.

आता गंमत. तो कुठला आहे ठाऊक आहे? ज्यांच्या कात्र्यांनी तुझी झोप उडवली, त्यांच्यातलाच. जमणार का सांग. रुसवा सोडून लगेच कळव, मला दम धरवत नाहीये.

ताई

ता. १५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीनशेच्या तीनशे कात्र्या काल ट्रकवर चढल्या. पाच खोकी आहेत, बंदरावर तूच उतरवून घे. गेले अडीच महिने कुणी बसलेलं दिसलं नाही. सोडून गेलेल्यांपैकी दोघांना परत बोलावलं. तात्यांनी प्रत्येक कात्री मिटताना कानाशी धरून ऐकली आणि अकरा परत केल्या. कुलपाबद्दल हिला शेवटी सांगून टाकलं, कारण आता ते लावायचं नाही. ती म्हणाली की तिला जानेवारीतच कळलं होतं, मी झोपेत बडबडतो.

आणि याच आठवड्यात दुसरी बातमी आली. आपला अर्ज मंजूर झाला! परदेशी कात्रीवर कर बसला. संघाने माझा सत्कार केला, अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला. घरात यायलाही कुणी नाही आणि बाहेर विकायला सगळं जग मोकळं, याहून चांगलं काय असतं? तुझ्या प्रश्नांना एवढंच उत्तर पुरे, नाही का? आता हरलीस हे कबूल कर आणि तरीही पूर्वीइतकेच लाड कर.

विजयी,
छोटू

ता. ९ जुलै

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली. तुझी पाचही खोकी बंदरावरच्या गोदामात पडून आहेत. आपण त्यांच्या कात्रीवर कर बसवला, तर त्यांनी आपल्याकडच्या धारेच्या सगळ्या हत्यारांवर तेवढाच बसवला. खिडकीवरच्या त्याच चष्मेवाल्या कारकुनाने मला कागद दाखवला. त्यात कात्री पहिल्या क्रमांकावर आहे. व्यापाऱ्याचं पत्र आलंय. त्याला कात्र्या अजूनही हव्या आहेत, पण निम्मी किंमत वर मोजून त्याची गिऱ्हाइकं घेणार नाहीत. तीन महिने वाट बघतो म्हणाला.

इकडेही बघ. परदेशी कात्री महागली, आणि ती महागल्याबरोबर तुमच्या अध्यक्षांनी आपल्या चाकू-कात्र्यांचे भाव वाढवले. आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी बोथट कात्रीने काम करतेय. तिने दाबून दाबून चार थर वाकडे कापले आणि ते कापड वाया गेलं. मास्तरांनी मुलीच्या बुटांचं आता नाव काढणं सोडलंय.

तुला टोचावं म्हणून लिहीत नाही रे. मलासुद्धा हे होईल असं वाटलं नव्हतं, मी आपली प्रश्नच विचारत होते. परत बोलावलेल्या त्या दोघांना काय सांगणार आहेस, हा विचार सारखा मनात येतो. जिंकल्या-हरल्याची भाषा आता नको. तू नुसता कसा आहेस ते कळव.

ताई

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा त्या व्यापाऱ्याच्या सरकारचा, आणि तिसऱ्यांदा लक्षात आलं की हा कागद मीच लिहिलाय. फक्त तिकडच्या कुणीतरी त्यावर सही केली. तिथेही एखादा चिटणीस असेलच, बहिणीशी भांडणारा.

काल संघाची सभा होती. मी उभा राहून म्हटलं की कर मागे घ्यावा असा अर्ज करूया. एकदम गलका झाला. अध्यक्ष म्हणाले की स्वतःची पाच खोकी अडकली म्हणून मी सगळ्यांना बुडवायला निघालोय. ते अर्धं खरं आहे, म्हणून मी अर्धंच नाकारलं. मी विचारलं की आपण सगळे पोलाद कुठून आणतो. मग तात्या उठले. ते सभासदही नाहीत, चहा प्यायला आले होते. म्हणाले की सत्तराव्या वर्षी मी चाकाची बाजू बदलली आणि मला काही झालं नाही. लोक हसले, पण सातजण माझ्या बाजूने उभे राहिले.

सगळं सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. चौकातला साधी कात्री करणारा म्हातारा दोन माणसं घेऊन कसाबसा तगलाय. कर गेला तर त्याचं दुकान नक्की बंद होईल. सभेनंतर तो माझ्याकडे पाठ करून निघून गेला. त्याच्या एका माणसाला मी घेऊ शकतो, दुसऱ्याला नाही. अर्जात लिहिलंय की कर एकदम न काढता वर्षभरात उतरवावा, आणि तेवढ्या वेळात अशा माणसांना दुसरं काम शिकायला सरकारने हात द्यावा. मिळेल की नाही देव जाणे.

चिटणीसपद सोडलं. हा अर्ज आम्ही आठ जणांचा आहे. त्याला कात्री वापरणाऱ्या कपड्याच्या कारखान्याचं पत्र जोडायचंय. या वेळी मसुदा पाठवत नाही. कोरा कागद सोबत आहे, तुला जे खरं वाटतं ते लिही. नाही लिहिलंस तरी मी जानेवारीसारखं वागणार नाही.

तुझा,
छोटू

ता. १४ ऑगस्ट

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहून सोबत पाठवलंय. नऊ कटर, त्यांच्या कात्र्या, मास्तरांच्या मुलीचे बूट, मावशींचा अंगठा, सगळं नावानिशी लिहिलं. म्हाताऱ्याबद्दलही लिहिलं, कारण त्याला वगळलं तर माझं पत्र तू जानेवारीत माझ्या नावाने लिहिलेल्या पत्रासारखं होईल. त्याला विचार, परदेशी कात्र्यांना धार लावून देईल का. आमच्याकडे टाकून दिलेल्या चाळीस पडल्या आहेत आणि रस्त्यापलीकडच्या कारखान्यात त्याहून जास्त. तात्यांनी दोन दिवसांत शिकवलं तर रुसवा निघेलही.

एक गंमत सांगते. सही डाव्या हाताने केली. शिक्का मारून घ्यायला गेले तर कचेरीतला माणूस म्हणाला की ही सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. मग त्याच्यासमोर आधी उजव्याने केली, मग डाव्याने. खरी कुठली, असं त्याने वैतागून विचारलं. मी म्हटलं, उजवी शिकवलेली आहे आणि डावी माझी आहे. त्याने दोन्हींवर शिक्का मारला.

या सहीला सात महिने लागले. तेवढे दिवस तू धाकटा भाऊ राहिलास, हे मी विसरणार नाही.

ताई

ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला वर्तमानपत्रात दिसलं असेलच. आपल्याकडचा कर टप्प्याटप्प्याने उतरणार, आणि पहिला टप्पा उतरताच त्यांनीही आपला उतरवायला घेतला. आमच्या आठ जणांच्या अर्जाने झालं असं मी छाती फुगवून सांगणार नाही, असे अर्ज बरेच गेले होते म्हणतात. शिकवण्याचं कलम सरकारने गाळलं, त्याचा राग आहे आणि त्यासाठी मी पुन्हा लिहिणार आहे. म्हातारा धार लावायला लागलाय. मला नमस्कार करत नाही, पण तात्यांबरोबर चहा पितो.

तुझ्या व्यापाऱ्याने तीन महिन्यांची मुदत आठ महिन्यांची केली, त्याचे आभार कळव. खोकी सोडवताना तुला एक फॉर्म भरावा लागेल. त्याचा नमुना इथे आलाय आणि मी दोन दिवस एका रकान्यावर अडकलोय. मालाचं मूळ कुठलं, असं विचारलंय. काय लिहायचं ते तूच ठरव. चुकलं तर जबाबदारी थोरल्या भावंडाची, हा नियम मोडू नकोस.

छोटू

ता. ५ मार्च

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

खोकी आज सकाळी बोटीवर चढली. मी धक्क्यावर उभी होते. पाचही चढेपर्यंत हलले नाही.

फॉर्म त्याच चष्मेवाल्याच्या खिडकीवर भरला. त्या रकान्यापाशी माझीही लेखणी थांबली, म्हणून त्याने काय अडलं ते विचारलं. मी सगळं खरं सांगत गेले. पोलाद बोटीने येतं. नमुना आईच्या परदेशी कात्रीवरून घेतलेला. स्क्रू गेल्या वर्षी त्यांच्याच कात्रीतून उचलला. घेणारा तिकडचा. रांगेतले लोक पुढे सरकून ऐकायला लागले. त्याने लेखणी खाली ठेवली आणि विचारलं की बाई, मग यात तुमचं स्वतःचं आहे तरी काय. मी म्हटलं, चूक. ती आमच्या बाबांची आहे, पक्की घरची, आणि ती दुसरीकडे कुठे मिळत नाही म्हणून तर लोक बोटीने मागवतात.

तो बराच वेळ हसला. मग आपल्या गावाचं नाव लिहा म्हणाला, आणि मी लिहिलं.

हे पत्र पहिल्या अक्षरापासून डाव्या हाताने लिहिलंय. दर चार ओळींना एक तास लागला आणि बोटं शाईने माखली आहेत. वाचता आलं नाही तर तात्यांना दाखव, त्यांना उलट्या बाजूने बसायची सवय आहे. तिमाहीच्या पुढच्या तीनशे कधी पाठवतोस ते कळव.

तुझीच,
ताई